माझ्या भाकरीचे आठ तुकडे

"मॅडम, त्यांची राहू द्या. लेकरं नंतर खातेत ते तुकडे."

शाळा समितीतल्या बाई हळू बोलल्या, पण मला ऐकू येईल इतपतच हळू. मॅडमचा हात माझ्या भाकरीपर्यंत आला होता. तिथूनच मागं गेला. "ताई, तुमची असू द्या," त्या म्हणाल्या. "पुरतील एवढ्या झाल्या. तुमच्या मुलीला मी कागदाची करून देते."

चौथीच्या वर्गात पालकांची सभा होती. पोरं अपूर्णांक कशी शिकतात ते आईबापांना दाखवायचं, म्हणून प्रत्येकीला घरून एक भाकर आणायला सांगितलेलं. मी सेलूच्या जिनिंगमध्ये कापूस निवडते. कामाचा खाडा केला. भाकर थापली, धुतलेल्या फडक्यात बांधली. मला खरंच शिकायचं होतं. पोरगी घरी विचारायची, "आई, एक छेद चार मोठा का एक छेद आठ?" मी म्हणायची, आठ. चारापेक्षा आठ मोठा, एवढंच मला ठाऊक. ती तसंच लिहायची आणि चुकून यायची.

आम्ही जयभीमवाले. गावात आता तोंडावर कुणी जात काढत नाही. फक्त भाकऱ्या पुरतात.

मी भाकर पुन्हा फडक्यात बांधली. भांडायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

मॅडम शिकवतात छान, खोटं कशाला बोलू. एक भाकर मोडली, दोन तुकडे झाले. पुन्हा मोडली, चार. पुन्हा, आठ. "खालचा आकडा जितका मोठा, तितका वाटा लहान," त्या म्हणाल्या. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं, एक छेद चार म्हणजे चतकोर! त्याच्या निम्मा नितकोर. हे तर मला लहानपणापासून येत होतं. आनंद झाला, आणि त्याच घडीला रडूही आलं.

मग बाकीच्या भाकऱ्यांचेही तसेच आठ-आठ तुकडे करून सगळे एका परातीत मिसळले. वेगवेगळ्या घरचे आठ तुकडे जुळवून पोरांनी एक भाकर करायची, मग वाटून खायची. माझी पोरगी बाजूला बसून रद्दीच्या कागदाचे तुकडे जुळवत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. का, असंही कुणाला विचारलं नाही. एवढ्याशा लेकराला ते आधीच ठाऊक होतं. तेव्हा मी उठले.

फडकं सोडलं. परातीपाशी उभं राहून भाकरीचे आठ तुकडे केले. "मॅडम, हे बी मिसळा."

"कशाला गोंधळ करायलाव?" समितीच्या बाई म्हणाल्या. "कुणी काय म्हनलं का तुमाला?"

"म्हनलं न्हाई. केलं."

मॅडमनी परात उचलली आणि टेबलावर आपल्याजवळ ओढून घेतली. बाकीच्या आया पायाच्या नखांकडं बघत बसल्या. तुकडे माझ्या हातातच राहिले.

शेवटी सभेची वही सहीला फिरली. वर लिहिलं होतं, 'सर्व पालकांच्या भाकरी घेऊन कृती केली.' मी तिसरीपर्यंत शिकलेय, वाचता येतं मला. खाली लिहिलं, 'माझी भाकर घेतली नाही.' मग सही केली.

मॅडम काकुळतीला आल्या. "ताई, खोडा ना ते. वही साहेबांकडं जाते."

"जाऊ द्या."

मॅडम वाईट नाहीत. पण अशा वाईट नसलेल्या माणसांचाही आता मला शीण आलाय. पाठ दुखतेय, उद्या पुन्हा कापूस आहेच. तरी पुढच्या सभेला मी जाणार, आणि भाकर घेऊन जाणार. नाही घेतली तर वहीत पुन्हा तेच लिहीन. पोरीलाही घरी आल्यावर बसवून सांगितलं: यापुढं कुणी कागदाची भाकर दिली तर हात पुढं करायचा नाही.