खालच्या मजल्यावरची वाचणारी

हॉलंडमधल्या आल्मेरेत आमच्या खालच्या मजल्यावर एक पुण्याची बाई राहते. सायकलचं कुलूप दोनदा ओढून बघते. पत्र वाचायला दिलं, तर शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवते, मगच तोंड उघडते.

बायको गेल्यावर हॉस्पिटलचा इंग्रजी कागद तिलाच दिला. मुलाला विचारायची छाती झाली नाही. म्हटलं, "मी तिला उशिरा नेलं. लिहिलंय का तसं?"

"काका, इथे 'अस्क्राइब' शब्द आहे. एखाद्या गोष्टीचं कारण ठरवून सांगायचा कागदोपत्री शब्द. मृत्यूचं कारण त्यांनी हृदय धरलंय."

"आणि उशीर?"

तिने बोट पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवलं, शेवटपर्यंत नेलं. "कुठेच नाही."

मग समासात पेन्सिलीने मराठीत लिहून दिलं: कारण हृदय, काका नाहीत.

रोज वाचतो. अजून पटत नाही.