चार अंश

एम.एस्सी.ला मी अन्नसुरक्षा आणि अन्नाचे कायदे हा विषय घेतला, तेव्हा ही पोरगी नेमकं काय शिकते हे घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं. अणदूरला आमची शेती, वडील धाराशिवला एका कचेरीत कारकून. सुट्टीला गावाकडं गेले की चुलते विचारायचे, "म्हंजी हाटेलं तपासणार व्हय तू?" मी तोऱ्यात सांगायचे, नुसती हॉटेलं नाही, दुधापासून मसाल्यापर्यंत माणसाच्या तोंडात जे जे जातं ते सगळं. ते हसायचे. "मंग आमच्यात जेवताना जरा डोळं झाक."

विषय मला मनापासून आवडला होता. कायद्याची कलमं मला धडाधड पाठ असायची. वर्गात सेमिनार द्यायचा होता तेव्हा मी विषय निवडला तो नोंदींचा. तपासणी कितीही चांगली केली आणि नोंद खोटी लिहिली तर ती तपासणी नव्हे, नाटक. असं मी फळ्यासमोर उभी राहून बोलले होते. सरांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे केलं ते मला माहीत नव्हतं म्हणून घडलं, असं म्हणायची सोय मला नाही.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता. आपल्या जिल्ह्यात भूम-परंड्याकडं खव्याच्या भट्ट्या पुष्कळ, म्हणून मी घरगुती भट्ट्यांवरचा खवा तपासायचं ठरवलं. दहा भट्ट्या, दहा नमुने. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यायचा, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवायचा आणि चार-पाच अंशाच्या वर तापमान जाऊ न देता त्याच दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचवायचा. वाटेत नमुना तापला तर आतले जंतू भराभर वाढतात. मग तुम्ही जे मोजता ते भट्टीवरचं नसतं, तुमच्या प्रवासातलं असतं. पोचल्यावर डब्यातलं तापमान बघून तक्त्यात लिहायचं, एवढं सोपं काम.

दहावी भट्टी सोनारीच्या अलीकडच्या एका वस्तीवर होती. नवरा-बायको दोघंच ती चालवायची. मी त्यांना नाना आणि काकू म्हणायचे. काकू पंचावन्नच्या आसपासच्या, उंच, आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत उकळत्या दुधाच्या शिंतोड्यांचे बारीक पांढरे डाग. नाना म्हशींचं बघायचे आणि कमी बोलायचे. त्या महिन्यात मी तीन वेळा त्यांच्याकडं गेले होते, भट्टीचं काम बघायला, प्रश्न विचारायला. काकू खवा घोटता घोटता मलाच प्रश्न विचारायच्या. जंतू दिसतात कसे, ते मरतात कधी, मीठ टाकलं तर काय होतं. उलथन्याचा कढईवर आवाज बदलला की त्या बोलायच्या थांबायच्या आणि म्हणायच्या, "आता बघ हं. आता याकदम आवळतंय."

संमतीच्या कागदावर सही घेताना मी त्यांना सांगितलं होतं, "काकू, तुमचं नाव कुठंही येणार नाही."

"यिऊ दे की," त्या म्हणाल्या. "आमी काय चोरून करतो व्हय?"

नमुन्याच्या दिवशी सगळं नियमाप्रमाणं झालं. बाटली भरली, झाकण लावलं, डब्यात ठेवली. ऊन फार होतं. डबा जड होतो म्हणून मी बर्फाच्या चारऐवजी दोनच पिशव्या आणल्या होत्या, आणि नियमात नसताना माझी पाण्याची बाटलीही त्यातच ठेवली होती, पाणी गार राहावं म्हणून. नानांनी मला मोटरसायकलवर सोनारीपर्यंत सोडलं. बसला तासभर होता. म्हटलं काळभैरवाचं दर्शन घेऊन येऊ.

देवळाच्या वाटेवर एका प्रसादाच्या दुकानात डबा ठेवायला दिला. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "ठिवा हितं फळीवर. खाली नगं, माकडं लई हाईत." दर्शन झालं, आणि तेवढ्यात वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं. मी लिंबाखाली बसले आणि आम्ही बोलतच राहिलो. मध्ये दोनदा उठून मी डब्यातून पाण्याची बाटली काढली, प्यायले, परत ठेवली. बस आली आणि गेली, मला कळलंसुद्धा नाही. पुढची दोन तासांनी होती. शेवटी दुकानाकडं आले तेव्हा फळीवर ऊन आलं होतं आणि डब्याचं झाकण एका बाजूनं उचललेलं होतं. ते मीच तसं ठेवलं होतं. माकडं त्या बाजूला फिरकलीही नव्हती.

धाराशिवला प्रयोगशाळेत पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. डब्यातला थर्मामीटर काढला. एकोणतीस अंश. बर्फाच्या पिशव्यांत नुसतं पाणी होतं.

त्या वेळी काय करायचं हे मला ठाऊक होतं. नमुना टाकून द्यायचा, काकूंना फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. काकूंनी एका शब्दानं विचारलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा दुसऱ्या कुणाला दिलेली होती, सरांनी शनिवारपर्यंत आकडे मागितले होते, आणि मी दमले होते. तक्त्यात वरच्या नऊ ओळींत चार, पाच, चार असे आकडे ओळीनं होते. दहाव्या ओळीत मी चार लिहिलं. लिहिलं आणि हात धुऊन पुढच्या कामाला लागले.

निकाल आला. नऊ नमुने ठीक होते, काकूंचा वाईट. जंतूंची संख्या मर्यादेच्या कितीतरी वर. सरांनी कागद बघितला आणि खूश झाले. "हे बघ, आता तुझ्या कामाला काहीतरी निष्कर्ष आला. कारण शोध याचं."

कारण मला शोधावं लागणार नव्हतं. तरी मी शोधलं. प्रकरण चारमध्ये मी वाक्य लिहिलं, उत्पादकाच्या हातांची अपुरी स्वच्छता हे यामागचे संभाव्य कारण असू शकते. भाषा शुद्ध होती, सरांनी त्यात एकही दुरुस्ती केली नाही.

ज्यांच्याकडून नमुने घेतले त्यांना निकाल कळवायचा असं ठरलेलं होतं. मी काकूंकडं कागद घेऊन गेले आणि नमुना चार अंशावर पोचला इथपासून सगळा वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या. मग दोन्ही हात पुढं धरून बघायला लागल्या.

"हातानं झालं व्हय?"

"संभाव्य, काकू. म्हणजे असू शकतं."

"ऊन ऊन पाण्यानं धुतो की आमी."

तिथं तरी मी तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांना हात कसे धुवायचे ते शिकवलं. साबण लावायचा, बोटांच्या मधे चोळायचं, नखांत चोळायचं, वीस आकडे मोजायचे. काकू हौदापाशी बसून माझ्याबरोबर मोठ्यानं वीसपर्यंत मोजत होत्या. नाना गोठ्याच्या दारात उभं राहून बघत होते. परत येताना बसमध्ये मी स्वतःला समजावत होते, की स्वच्छता शिकवली, त्यात वाईट काय झालं?

दोनेक महिन्यांनी प्रबंधात घालायला भट्टीचा एक फोटो हवा होता म्हणून पुन्हा गेले. भट्टी थंड होती. कढई घासून भिंतीशी पालथी घातलेली. काकू म्हणाल्या, "दूध आता डेअरीला जातंय, बाई. खवा बंद केला."

"का?"

"दुकानदारानं न्हाय म्हणलं."

काकूंचा खवा परंड्यातला एक मिठाईवाला वर्षानुवर्षं घ्यायचा. त्याला हे कुठून कळलं असं मी विचारलं, आणि मला घाबरायला झालं, कॉलेजातून कुणी सांगितलं की काय.

"म्याच कागद दावला," काकू म्हणाल्या.

नाना पहिल्यांदाच मधे बोलले. "म्या म्हणलं हिला, कशाला दावतीस. घरातली गोष्ट घरात राहू दी. ऐकती व्हय?"

"आन् कुणाचं लेकरू आजारी पडलं असतं मंजी?" काकू त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या. "शिकलेल्या पोरीनं तपासून सांगितलंय. ते झाकून ठिवायचं व्हय?"

मी चहा प्यायले. थंड भट्टीचा फोटो काढला. काकूंनी निघताना डब्यात शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, ती घेतली. घरी ती चटणी मी आठवडाभर उघडली नाही. आईनं विचारलं तर म्हटलं, पोट बरं नाही.

आठ दिवसांनी गेले तेव्हा फक्त सांगायलाच गेले. काकू ओसरीवर तूर पाखडत होत्या. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. बर्फाच्या पिशव्या, पाण्याची बाटली, फोन, फळीवरचं ऊन, एकोणतीस. मधे थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून खाली बघून एका दमात सांगितलं. पाखडणं थांबलेलं मला ऐकू आलं.

"मंग कागदावर चार कुणी लिहिलं?" काकूंनी विचारलं.

"मी."

"तुला कुणी इचारलं न्हाय, चार कसं काय म्हणून?"

"नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मला समदी इचारत्यात. दुकानदार इचारतोय, जाऊ इचारती, बचत गटातल्या बायका इचारत्यात. आता माझ्या हातचा चहा घेताना येक बाई पदरानं कपाची कड पुसती. तिला वाटतंय मला दिसत न्हाय."

मी रडायला लागले. त्यांनी मला समजावलं नाही, तसं रागावल्याही नाहीत. थोड्या वेळानं उठून आत गेल्या. नानांनी पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "तोंड धू. अन् लिहिलंस तिथं जाऊन सांग. हितं सांगून काय व्हतंय?"

मी सरांना सांगितलं. ते चिडले, पण फार नाही. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "दहावा नमुना काढून टाक. नऊवर लिही. याच्यापुढं हा विषय नको." मी खोटी नोंद केल्याचं लेखी द्यायला तयार होते, निदान मनात तसं ठरवून तरी गेले होते. सरांनी सुटका देऊ केली आणि मी ती लगेच घेतली. माझ्या प्रबंधात नऊच नमुने आहेत. हातांच्या स्वच्छतेचं वाक्य गेलं. दहावा का नाही, याबद्दल एक ओळही नाही. मला पहिला वर्ग मिळाला.

त्या मिठाईवाल्याकडं मात्र मी गेले. दुकानात गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोरच म्हणाले, की चूक माझी होती, काकूंच्या खव्यात काही दोष नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुमचं खरं असंल. पण आता मी दुसऱ्याकडनं घेतो. आन् एकदा बोभाटा झाला की कुणाकुणाला सांगत बसू मी?" त्याच्यावर मी रागवावं असं त्यात काहीच नव्हतं.

त्यानंतर मी फोन केला की नानाच उचलायचे. त्यांना विचारून मी एकदा परत गेले. त्या दिवशी काकूंनी शेरभर दुधाचा खवा केला, फक्त तपासायला. मी बर्फाच्या सहा पिशव्या नेल्या होत्या आणि वडिलांच्या ऑफिसातल्या एकांची गाडी. नमुना चार अंशावर पोचला, आणि निकाल स्वच्छ आला, इतर नऊपेक्षाही चांगला. तो कागद घेऊन गेले तर काकूंनी घडी करून भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला. "आता कुणाला दावायचा न्हाय," म्हणाल्या. भट्टी त्यांनी पुन्हा लावली नाही. सणाला घरापुरता खवा करतात, एवढंच.

आता मी एका दूध संकलन केंद्रात गुणवत्तेचं काम बघते. हाताखाली दोघीजणी आहेत. त्यांच्या नोंदवह्या मी रोज तपासते, आणि सगळ्या ओळींत एकसारखे आकडे दिसले की त्यांना समोर बसवून विचारते. त्या मला कडक समजतात. मी तसं समजू देते. खरं कारण सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

गेल्या वर्षी कामासाठी परंड्याला गेले होते, तेव्हा बसस्टँडवर काकू भेटल्या. सोबत त्यांच्या गावची एक बाई होती. मला टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं, पण त्यांनी लांबूनच ओळखलं.

"नोकरी लागली का गं?"

"लागली, काकू."

"बरं झालं." मग सोबतच्या बाईकडं वळून म्हणाल्या, "ही आपल्याकडं शिकायला यायची. भट्टीवर बसून समदं लिहून घ्यायची."

ती बाई माझ्याकडं कौतुकानं बघायला लागली. काकूंची बस लागली, त्या पिशवी सावरत चढल्या, खिडकीशी जागा मिळाली का ते बघायला मी उगीच बसच्या बाजूनं चालत गेले. त्यांनी आतून हात हलवला. बस फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी तिथं उभी होते, आणि माझ्या साहेबांचा फोन वाजत होता तो मी उचलला नाही.