पूर्ण नाव सांगा

आमच्या युनिटमध्ये कुणाला नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात. सुरतजवळ कडोदऱ्याला आल्यावर मला ही पद्धत आधी विचित्र वाटली आणि मग फार आवडली. एम्ब्रॉयडरी मशीनवरचा ओडिया कारागीर 'गंजाम', माल चढवणारा 'आझमगढ', आणि चेकिंगच्या लांब टेबलाशी बसून साडीचे सुटे धागे कापणाऱ्या बायका म्हणजे 'साक्री', 'पारोळा', 'बोटाद', 'महुवा'. मी ऑफिसात हजेरीचं काम बघते म्हणून आता मॅडम आहे, पण सुरुवातीचे काही महिने मीही 'शहादा'च होते. "ए शहादा, पंखा लाव ना," असं कुणी ओरडलं की मला बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आडनाव न विचारता मला कामाला लावत होतं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. शाळा जिल्हा परिषदेची, पुढे सरकारी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती. त्या प्रत्येक ठिकाणी जातीचा दाखला लागला आणि तो पुढे करताना मला कधी लाज वाटली नाही. त्याच्यावरच मी जेवले, त्याच्यावरच शिकले. ज्यांनी ही सोय करून ठेवली त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण हक्काच्या खिडकीवर स्वतःहून दाखला देणं वेगळं, आणि कुणीतरी हॉलमध्ये उभं करून तोच आपल्याकडून मोठ्याने म्हणवून घेणं वेगळं. हा फरक ज्यांना शिकवावा लागतो, ते आम्हाला शिकवायला आले होते.

आमच्या साड्या आणि दुपट्टे बाहेरच्या देशातली एक कंपनी घेते. तिने कळवलं की कामाच्या ठिकाणी भेदभाव होऊ नये म्हणून सगळ्या कामगारांना प्रशिक्षण द्यायला हवं. तिकडे कातडीच्या रंगावरून होणाऱ्या भेदभावासाठी हे कार्यक्रम तयार झालेत, तेच थोडे बदलून आपल्याकडे आणतात, असं मला प्रशिक्षक बाईंनीच सांगितलं. बाई बंगळुरूहून आल्या होत्या. तरुण, गोड बोलणाऱ्या, स्वतःची खुर्ची स्वतः उचलणाऱ्या. मला त्या आवडल्या. त्या हिंदीत बोलणार आणि मी मराठीत, गुजरातीत सांगणार, असं ठरलं.

पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळे गोल करून बसले. थोड्या वेळात बाईंच्या कानावर आलं, "ओ गंजाम, सरक ना यार." त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गंजामला विचारलं, "कुणी अशी गावावरून हाक मारली की तुम्हाला कसं वाटतं?"

तो म्हणाला, "ठीकच वाटतं, मॅडम."

"खरं सांगा. घाबरू नका."

"खरंच ठीक वाटतं. नावाने फक्त बायको बोलावते. ती चिडली असेल तर."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पाहिलंत? आपल्याला इतकी सवय झालीय की अपमानसुद्धा अपमान वाटत नाही." मग त्यांनी सगळ्यांना उभं केलं. प्रत्येकाने छातीवर हात ठेवून आपलं पूर्ण नाव सांगायचं, स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. बाकीच्यांनी ते मोठ्याने परत म्हणायचं. "तुमचं नाव ही तुमची प्रतिष्ठा आहे," त्या म्हणाल्या. मी ते वाक्य दोन्ही भाषांत सांगितलं, आणि सांगतानाच माझी नजर साक्रीवर गेली.

साक्री आमच्या चेकिंगमधली सगळ्यात जुनी बाई. आम्ही दोघी एकाच समाजाच्या. हे मला हजेरीपटावरून ठाऊक होतं, तिला माझ्या बोलण्याचालण्यावरून कळलं असणार. आम्ही त्याविषयी कधीच बोललो नव्हतो. दुपारी चार वाजता चेकिंगच्या मागच्या खोलीत तीच चहा करायची. शेगडी कंपनीची, पातेलं तिचं. आलं आणि गवती चहा ठेचून टाकलेला तो चहा प्यायला टेबलावरच्या सगळ्या बायका जमायच्या. "साक्रीबेन, चा मूको ने!" अशी बोटादची हाक आली की साक्री उगीच कुरकुरत उठायची. ती हाक येईपर्यंत मात्र ती कधी उठत नसे. घरी तिला कुणी अशी हाक मारत असेल असं मला वाटत नाही. नवरा गेलेला, मुलगा उधन्याला वेगळा राहतो. त्या अर्ध्या तासात ती त्या खोलीची मालकीण असायची.

तिची पाळी आली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? ती हळू आवाजात नाव बोलली. बाई म्हणाल्या, "अजून जोरात! अभिमानाने!" तिने जोरात सांगितलं. सगळा हॉल तिचं आडनाव ओरडला. मग माझी पाळी आली, मी माझं सांगितलं, तेही सगळे ओरडले.

बोटादला मराठी आडनावातलं काही कळत नाही. तिला ते फक्त लांबलचक वाटलं. पण पारोळ्याला कळलं. पारोळा आणि साक्री शेजारी बसायच्या, अहिराणीत गप्पा मारायच्या, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायच्या. इतक्या काळात पारोळ्याने तिला आडनाव विचारलं नव्हतं. मला वाटतं, विचारायचं मुद्दामच टाळलं होतं. एकदा विचारलं असतं तर पुढचं वागणं बदलावं लागलं असतं, आणि चहा चांगला होता. त्या दिवशी हॉलमध्ये न विचारताच उत्तर मिळालं. जेवणाच्या सुट्टीत पारोळ्याचा बदललेला चेहरा बघून बोटादने तिला विचारलंच, "ए लोको केवा?" म्हणजे हे कसले लोक. आणि पारोळ्याने समजावून सांगितलं. गुजरात्यांना माहीत नसलेली गोष्ट आपल्याच भाषेतल्या, आपल्याच जिल्ह्यांकडच्या बाईने त्यांना शिकवली. याचा राग मला आजही आवरत नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पारोळ्याने पिशवीतून थर्मास काढला. तिला म्हणे अ‍ॅसिडिटी झाली होती. महुवाला डॉक्टरने चहा बंद केला होता. आणखी एकीचा उपास होता, वार कुठला ते तिलाही आठवेना. बोटाद फोनवर बोलत बाहेर गेली. साक्रीने नेहमीच्या मापाने चहा टाकला होता. मी आत गेले तेव्हा ती पातेल्याकडे बघत उभी होती.

मला पाहून म्हणाली, "तू बी तठेच उभी व्हती ना वं."

तिने मला कप दिला. उरलेला चहा मोरीत ओतला.

संध्याकाळी पारोळा ऑफिसात आली, नातवाच्या वाढदिवसाचे पेढे घेऊन. सुट्टीचं सांगायचं होतं. माझ्या बाटलीतलं पाणी मागून प्यायली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हटलं, "माझंही आडनाव ऐकलंत ना काल?"

"ऐकलं की."

"मग पाणी कसं चाललं?"

ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "तुमचं वेगळं असतं मॅडम. तुम्ही शिकलेल्या."

मी पेढा घेतला नाही. माझ्या शिक्षणाचा असा उपयोग व्हावा यासाठी माझ्या आईने विटांच्या भट्टीवर काम केलेलं नाही. शिकलेली म्हणजे काय, सुट्टी मंजूर करणारी! उद्या माझी खुर्ची गेली तर माझ्या हातचा चहाही त्या मोरीतच.

चहाच्या खोलीत काय झालं ते मी वर कळवलं, आणि मग मीटिंग झाली. मॅनेजरसाहेब समोर आणि बंगळुरूच्या बाई फोनच्या पडद्यावर. मॅनेजर म्हणाले, "मी आधीच सांगत होतो. असल्या कार्यक्रमांनी नसलेली भांडणं उभी राहतात. आपण इथे एका कुटुंबासारखे होतो. कुणाच्या मनात काही नव्हतं."

बाई म्हणाल्या, "नव्हतं कसं? होतंच. फक्त झाकलेलं होतं. आता वर आलं. थोडी अस्वस्थता येणारच, तोच बदलाचा पहिला टप्पा आहे."

दोघांचं मी ऐकत होते आणि मला दोघांचाही सारखाच संताप येत होता. मॅनेजरांचं कुटुंब म्हणजे काय, तर कुणी काही विचारायचं नाही आणि कुणी काही सांगायचं नाही. ते शांत होतं म्हणून चांगलं होतं असं मी मानत नाही. साक्री त्या खोलीत राणी होती ती एका न विचारलेल्या प्रश्नावर, आणि असं राणीपण किती टिकणार? पण बाईंचं तरी काय? अस्वस्थता यायला हवी, कबूल. पण ती पारोळ्याला यायला हवी होती! पारोळा मजेत थर्मासमधला चहा पीत होती. अस्वस्थ फक्त एकजण झाली, आणि तिची परवानगी कुणी घेतली नव्हती.

मी ते जसं आलं तसं बोलले. म्हटलं, "बाई, ज्याच्या मनात मळ आहे त्याला तुम्ही उभं केलं नाहीत. जिच्यावर तो पडतो तिला उभं केलंत, आणि वरून जोरात बोल म्हणालात."

बाई म्हणाल्या, "तुमचा मुद्दा मी नोंदवून घेते."

मला आमच्या शाळेचे हेडमास्तर आठवले. वर्गात कुणी कुणाशेजारी बसायचं यावरून कुरबुरी असायच्या. त्यांनी भाषण दिलं नाही, गोल करून उभं केलं नाही. दर सोमवारी प्रत्येकाने एक बाक पुढे सरकायचं आणि जोडीदार बदलायचा, एवढा नियम केला. का, ते सांगितलं नाही. एका पालकाने येऊन आरडाओरडा केला तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या मुलाला नियम जमत नसेल तर दाखला घेऊन जा." वर्गातल्या मनांचं काय झालं मला माहीत नाही. पण त्या वर्षात मला एकदाही उभं राहून सांगावं लागलं नाही की मी कोण. मी शिकू शकले त्यात त्या नियमाचा मोठा वाटा आहे.

मीटिंगमधून जे निघालं ते असं: कंपनी चहाचं मशीन बसवणार. बटण दाबलं की कागदी कपात चहा, कुणाच्या हाताचा प्रश्नच नाही. मॅनेजर खूश, कारण तक्रार मिटली. बाई खूश, कारण सगळ्यांना समान चहा. मागच्या खोलीतली शेगडी काढून तिथे पुठ्ठे ठेवायचे. आणि पहिलं बटण साक्रीने दाबायचं, फोटो काढून त्या बाहेरच्या कंपनीला पाठवायचा. हे तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "मी सांगणार नाही." मग मॅनेजर स्वतः चेकिंगमध्ये आले.

साक्री हातातली कात्री खाली न ठेवता म्हणाली, "फोटोना करता मी बटन दाबनार नही."

"अहो मावशी, तुमचाच मान आहे."

"मान शे त मनी शेगडी कसाले काढतस?" मग तिने त्यांना कळावं म्हणून हिंदी-मराठीत सुरू केलं. "मेरे चाय में क्या खराबी थी, बोलो ना साहेब. ज्याला नको त्याने नको प्यावा. त्यांच्यासाठी माझी शेगडी का हलवायची? थर्मासवाल्यांचे थर्मास काढा की!" आणि पारोळ्याकडे वळून, "काय वं, तुले कव्हापासून अ‍ॅसिडिटी व्हयनी? परवालगून त मना कपमधला बी मांगी पेत व्हती!"

पारोळा खाली बघून धागे कापत राहिली. मॅनेजर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "शेगडी हलवायची असेल तर का हलवली ते लिहून द्या, मी नोटीस बोर्डावर लावते." ते निघून गेले.

शेगडी राहिली. मशीनही बसलं. फोटोत दुसऱ्याच कुणाचं तरी बोट आहे. साक्री आता लहान पातेलं आणते. काही दिवस आम्ही दोघीच होतो. मग बोटाद आली. तिला पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, "मशीननी चा मने नथी भावती," आणि कप पुढे केला. साक्रीने ओतला. महुवाचा डॉक्टरही नंतर नरमला.

उधन्याच्या युनिटमध्ये बाईंचा तोच कार्यक्रम पुढच्या महिन्यात ठरला. नावांचा खेळ या वेळी ऐच्छिक ठेवलाय, असं त्यांनी मला कळवलं. ऐच्छिक! गोलात उभं असताना 'मी माझं नाव सांगत नाही' असं कोण म्हणेल, आणि म्हटलं तर त्याच्याबद्दल लोक काय समजतील? मी कळवलं की तो खेळ असेल तर भाषांतराला दुसरं कुणी बघा. अजून उत्तर आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मशीनचा चहा कोमट येत होता. चार वाजता पारोळा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, हातात कागदी कप. म्हणाली, "जरा गरम करून घेऊ का गं?"

खोलीत आम्ही सगळ्या होतो. साक्रीने बसल्या जागेवरून तिला नीट पाहून घेतलं.

"करी ले," ती म्हणाली. "शेगडी कंपनीनी शे. पन मना पातेलाले हात लावू नको. मले तुना हातनं चालत नही."

बोटादला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला, आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पारोळ्याचा चेहरा पांढरा पडला. ती कप घेऊन उभ्या उभ्या कोमट चहा प्यायली आणि गेली.

कामाच्या ठिकाणी असं काही घडलं तर त्याची नोंद करायची, असं बाईंनी मला शिकवलंय. मी केली नाही. प्रशिक्षणानंतर तणाव कमी झाला की वाढला, असा प्रश्न त्यांच्याकडून दर महिन्याला येतो. या वेळी मी लिहिलं, वाढला. आणि खाली लिहिलं, आता तो योग्य माणसाला जाणवायला लागला आहे.