चढत्या भावाची गिटार

बडनेऱ्याहून तार आली तेव्हा मी अकोल्याच्या घरी पापड वाळत घालत होते. दादा ड्यूटीवरून आला, खाटेवर आडवा झाला आणि उठलाच नाही... शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं ते इतकंच. महिना उलटला. रडून झालं, आता राग येतो, आणि तो काही जायचं नाव घेत नाही.

माझा भाऊ प्रल्हाद रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता. बडनेऱ्याच्या रेल्वे क्लबात एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर साहेब गिटार वाजवायचे. त्यांनीच दादाला शिकवलं, आणि कायमचे विलायतेला निघाले तेव्हा आपली गिटार त्याच्या हवाली केली. अमेरिकेची, हाताने कोरलेली, पोट पुढे आलेलं आणि त्यावर व्हायोलिनसारख्या दोन चिरा. साहेबांचा उजवा हात टेकायचा तिथलं पॉलिश उडून लाकूड दिसत होतं. सुरुवातीला, लग्नाआधी मी त्याच्याकडेच राहायचे तेव्हा, दादा रोज संध्याकाळी वाजवायचा, आणि क्वार्टरच्या ओळीतली माणसं आमच्या दारात येऊन बसायची. तेवढा वेळ मलासुद्धा आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

मग मुंबईच्या हॉटेलात वाजवणारा एक वादक क्लबाच्या कार्यक्रमाला आला. त्याने उभ्या उभ्या दादाच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी किंमत सांगितली, आणि तिथेच घात झाला. दादाचा बेत ठरला: ही विकायची, एक साधी गिटार घ्यायची, उरलेल्या पैशात मुंबईत खोली बघायची आणि एखाद्या वाद्यवृंदात शिरायचं. बेत चांगलाच होता. पण आम्ही वऱ्हाडातली माणसं. भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा, हे अंगातच मुरलेलं. त्यात परदेशी वाद्यं येणं जवळजवळ बंद झालं, आणि वादक दर खेपेला आकडा वाढवू लागला.

"आता तरी विक ना, दादा," मी म्हणायचे.

"काहून विकू? भाव चढून राहिला ना! यंदा थांबतो."

"मग वाजव तरी."

"वाजवली का घासते, अन् घासली का भाव उतरते. तुले नाई समजत बाई."

तारा सैल करून गिटार पेटीत गेली. उन्हाने लाकूड तडकू नये म्हणून ऊन सरकेल तशी दादा पेटी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायचा. दादाला स्थळं आली, "मुंबईले गेल्यावर पाहू" ऐकून परत गेली. बढतीवर भुसावळला जायचं होतं, तेही नाकारलं. सामान हलवताना गिटारला धक्का लागला तर? त्या दोन खोल्यांत त्या पेटीने माझ्या भावाला डांबून ठेवलं होतं, आणि तो मात्र म्हणायचा, हीच मला इथून सोडवणार.

शेवटी एकदाचा तो विकायला तयार झाला. बाजाराला न्यायच्या आधी बैलाची शिंगं रंगवतात, तसं त्याने केलं. गिटार अकोल्याला आणून, रुखवताचे पलंग पॉलिश करणाऱ्या मिस्त्रीकडून चकचकीत करून घेतली. साहेबांच्या हाताची जागाही भरून निघाली. माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "पाह्य, नवरीसारखी दिसते का नाई?" इतकं खूश मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही.

वादकाने तार छेडली आणि पॉलिशवरून नख फिरवलं. "जुनं पॉलिश खरवडलंत? अहो, किंमत त्याचीच होती. आवाजही कोंडला या जाड थराखाली." मग त्याने जी किंमत सांगितली ती पहिल्या दिवशीच्या निम्मीही नव्हती. दादाने पेटी बंद केली. "मुरू दे हे पॉलिश, मंग पाहू," एवढंच म्हणाला. त्यानंतरही पेटी उन्हाच्या पुढे पुढे सरकतच राहिली, मरेपर्यंत.

दादाच्या सामानाबरोबर पेटी माझ्याकडे अकोल्याला आली, आणि परवा तिच्यासाठी वादक आला. थर काढून बघतो म्हणाला. मिळेल त्या किमतीला द्यायला मी तयार होते. त्याआधी गिटार उजेडात धरून दादाच्या हाताची एखादी खूण शोधली. एकही नव्हती. त्या लखलखीत पॉलिशमध्ये माझंच तोंड दिसत होतं. मग पेटी मिटताना तिच्या मुठीकडे लक्ष गेलं. चामडं घामाने काळं पडलेलं, आणि त्यावर चार बोटांचे खळगे... माझ्या भावाचा हात.

"गिटार न्या," मी म्हटलं. "पेटी मिळणार नाही."

"मग नेऊ कशात?"

मी माझी गोधडी काढून दिली. आता पेटी रिकामी आहे. तरी ऊन आत यायला लागलं की मी उठते, त्या मुठीत हात घालते आणि ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते.