आमचा ड्रायव्हर चौकीवर राहिला

अन्याय झाला तो आमच्या बसच्या ड्रायव्हरवर. २००६ सालच्या मे महिन्यात, वैशाख पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, श्रीलंकेत अनुराधपूरच्या अलीकडच्या एका लष्करी चौकीवर. तमिळ माणूस, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. त्याचं नाव मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. तिथलं सिंहली-तमिळ युद्ध अजून संपलेलं नाही आणि त्याच्या मुली तिथेच राहतात.

हे आधी सांगितलं, कारण नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत त्या धम्मसहलीबद्दल विचाराल तर बाकी सगळं सांगतील. समुद्र सांगतील, चहाचे मळे सांगतील, बोधिवृक्ष सांगतील. त्यात खोटं काही नाही. देश सुंदरच आहे. चहाचे डोंगर बघून आई म्हणाली होती, "आपल्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांना कुणी कंगवा फिरवला म्हणावं!" तळ्यांत कमळं, झाडांवर केशरी शहाळी, आणि मधूनच वाळूच्या पोत्यांची भिंत आणि तिच्यावर ठेवलेली बंदूक. फोटो काढताना आम्ही ती भिंत तेवढी बाहेर ठेवायचो.

मी कॉलनीतली पत्रकवाली. नळाला पाणी नाही, काढ पत्रक. वस्तीतली पोरं पोलिसांनी उचलली, काढ पत्रक. सहलीला मी गेले ती आईचे गुडघे धरलेले म्हणून. सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे ठरलं होतं. पहिल्या सकाळी आईने बसमध्ये परित्राणाचा पांढरा दोरा सगळ्यांच्या मनगटांना बांधला. संकटापासून रक्षण व्हावं म्हणून पाठ म्हणून बांधतात तो. शेवटी ती ड्रायव्हरपाशी गेली.

मी म्हटलं, "आई, तो हिंदू असेल."

"मग? गाडी तोच चालवणार हाय ना?"

त्याने स्टेअरिंगवरून हात उचलून पुढे केला. "बांधो अम्मा." दुबईत ट्रक चालवताना शिकलेली हिंदी होती त्याची.

दुपारी जेवायला थांबलो तिथल्या दुकानात कांद्याची गोणी दिसली. तो म्हणाला, "ये बॉम्बे प्याज. इंडिया से आता."

आमच्यातल्या एक मावशी लासलगावच्या माहेरवाशीण. त्या उसळल्याच. "बॉम्बेत काय गच्चीवर पिकतो का रे कांदा? लासलगाव म्हण, लासलगाव!"

"लासलगाम," तो म्हणाला. तेव्हापासून बस सुटताना आरोळी तीच. "चलो लासलगाम, बैठो!" मावशी रोज सुधारायच्या, तो रोज मुद्दाम चुकायचा.

चौक्या लागायच्या. बाकीच्या गाड्यांतली माणसं पिशव्या घेऊन रांगेत उभी असायची, पण आम्हाला कुणी उतरवायचं नाही. पांढरे कपडे बघितले की शिपाई हात जोडायचे. खाली उतरायचा तो एकटा ड्रायव्हर, ओळखपत्र घेऊन. मी विचारलं तर हसला. सिंहली माणसाचं कार्ड एका भाषेत, तमिळ माणसाचं दोन भाषांत. "दो भाषा, दो बार चेकिंग. मेरा कार्ड ज्यादा पढ़ा-लिखा है, मॅडम."

त्या दिवशीही तो तसाच उतरला. त्याच वेळी एक शिपाई बसच्या दारात आला, मिसरूडही धड न फुटलेला. आईच्या हातातलं दोऱ्याचं रीळ बघून त्याने मनगट पुढे केलं. आईला कोण आनंद! गुडघे विसरून खाली उतरली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून पाठ म्हणू लागली. मागून आणखी दोघे आले. बसमधून फोटो निघाले.

मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत होते. ड्रायव्हरचं कार्ड एका साहेबाच्या हातात, मग दुसऱ्याच्या. दोघांनी त्याचे दंड धरले. त्याने वळून बसकडे बघितलं आणि ओरडून सांगितलं, "अम्मा को बिठाओ! दस मिनट!" मग त्याला पत्र्याच्या खोलीआड नेलं. मनगटाला आमचाच दोरा.

दहा मिनिटं गेली, तास गेला. मी उतरले. मराठीतून भांडले, हिंदीतून भांडले, होतं नव्हतं तेवढं इंग्रजी वापरलं. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि हात जोडले. बोधिवृक्षाकडे बोट दाखवावं तसा रस्ता दाखवला. दर्शनाला जा, म्हणाला. एवढ्या नम्रपणे मला आयुष्यात कुणी हाकललं नाही.

नाशिकमध्ये असते तर काय करायचं ते मला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. माणसं जमवायची, ठाण्यासमोर बसायचं, निवेदन द्यायचं, वकिलाला फोन करायचा. तिथे ठाणं कुठलं, वकील कुठला, निवेदन कुठल्या भाषेत? सहलीचे आयोजक म्हणाले, "ताई, आपण पाहुणे आहोत. दुपारचं दर्शन चुकेल." तेवढ्यात मोटारसायकलवरून नवा ड्रायव्हर आला. आला तो थेट सीटवर बसला. बस सुटली तेव्हा आरोळी कुणीच दिली नाही. मावशी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

अनुराधपूरच्या बोधिवृक्षाखाली आईने विचारलं, "मी दोरा बांधत होते तेव्हाच नेलं का गं त्याला?" मी हो म्हटलं. तिने रीळ पिशवीत घातलं. पुन्हा काढलं नाही.

परत आल्यावर आयोजकांना तिथल्या बसकंपनीला फोन करायला लावले. पहिल्यांदा उत्तर आलं, "नवा ड्रायव्हर दिला होता ना तुम्हाला?" दुसऱ्यांदा, "तो आता आमच्याकडे नाही." तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. मी पत्रक लिहायला बसले. 'जाहीर निषेध' एवढं लिहून झालं. मग लक्षात आलं, हे वाटायचं कुठे? बिटको चौकात?

कॉलनीच्या जयंती विशेषांकासाठी त्याच्या संपादक काकांनी प्रवासवर्णन मागितलं. चौकीचा सगळा मजकूर कापून परत आला. "पोरी, प्रवासवर्णन लिही, पत्रक नको. बुद्धाच्या देशाची बदनामी कशाला?"

"काका, आपली पोरं रात्री उचलून नेतात तेव्हा आपण बदनामी करतो का?"

"ते वेगळं."

अंकात कमळं छापली, शहाळी छापली, शिपायाला दोरा बांधणारी आई रंगीत छापली. तो अंक आईने घरात ठेवू दिला नाही. दर वैशाख पौर्णिमेला ती एकच विचारते, "सोडलं आसंल का गं त्याला?"

यंदाच्या सहलीची पाटी विहाराबाहेर लागली आहे. तुम्ही नाव घातलं असेल तर जा. बोधिवृक्ष बघा, कमळं बघा. आम्ही तेव्हा रस्त्यावर बसलो असतो तर तो सुटला असता का, मला माहीत नाही. आम्ही बसलो नाही, एवढं माहीत आहे. तेव्हा पहिल्या दिवशी ड्रायव्हरला त्याचं नाव विचारा. आणि कुठल्याही चौकीवर त्याला उतरवलं तर त्याच्याशिवाय बस हलू देऊ नका. सगळे खाली उतरा, पांढऱ्या कपड्यांनिशी रस्त्यात बसा, आणि तो परत येईपर्यंत उठू नका.