बुंध्याला बांधलेला दोर

मी पीटीचा मास्तर. एकतीस वर्षं शिट्टी वाजवली. अंगात येणं, उतारे, अमावास्या... असल्या गोष्टी मानणाऱ्यांची मी जन्मभर थट्टा केली. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी मीच गूढ अनुभवांच्या या सदरासाठी लिहायला बसलोय. पण अनुभवाच्या आधी एक कबुली — मी पोलिसांना खोटा जबाब दिला होता.

निलंग्याजवळच्या एका गावात नोकरीला होतो तेव्हा शाळा सुटली की पोरांना विहिरीत पोहायला शिकवायचो. पोराच्या कमरेला दोर, दुसरं टोक माझ्या हातात. पोरगं ओरडायचं, "सर, धरलाय ना?" मी "धरलाय" म्हणायचो आणि हळूच सोडून द्यायचो. पोरगं तरंगत राहायचं. मग वर बघायचं, तर माझे हात रिकामे. सगळे हसायचे. निम्मं गाव मी असंच पोहायला शिकवलं. गावातल्या दत्तरावांचा मुलगा माधवही त्यातलाच.

निवृत्तीनंतर मी नांदेडला आलो. माधव तिथंच नोकरीला होता. नदीत बुडालेल्यांना काढणारी आमची पाच-सहा जणांची टोळी होती. कुणीतरी दोन स्कूबा सेट दिले, तेव्हा माधव आणि त्याचा मित्र इरफान कोकणात जाऊन कोर्स करून आले. दोघांनाही डायव्हरचं कार्ड मिळालं.

जानेवारीत पहिला सराव ठरला; माधव, इरफान आणि मी, तिघंच गेलो. इस्लापूरच्या पुढं, सहस्रकुंड धबधब्याच्या खालच्या अंगाला पैनगंगेचा एक डोह आहे. सकाळचे साडेआठ वाजले होते. पाण्यात हात घातला की बोटं दुखत होती.

"सर, तिथला समुद्र कोमट होता," माधव म्हणाला. "तिथल्या सरांनी बजावलंय, थंड पाण्यात पहिल्यांदा उतरताना जाड सूट पाहिजे, टोपी, हातमोजे... संगं जुना डायव्हर पाहिजे. थंडीत हवा लवकर संपती म्हणे."

त्याच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा पातळ सूट होता.

"लगीन झाल्यापासून थंडी वाजून राहिली का रे?" मी म्हणालो.

इरफान हसला. "भाभीला स्वेटर पाठवायला सांगू का?"

"तू गप. तुझा नंबर नंतर हाय." मग माधव माझ्याकडं वळला. "दोर कोण धरणार?"

"मी."

"मग काय टेन्शन न्हाई."

खुणा ठरल्या होत्या. मी दोराला एक हिसका द्यायचा — ठीक आहेस का? त्यानं एक द्यायचा — ठीक. त्याचे चार आले की ओढून काढायचं. एकूण वीस मिनिटं.

कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून माधव उतरला. पहिली दोन उत्तरं नीट आली. इरफान दुसरा सिलिंडर आणायला गाडीकडं गेला. गाडी नदीच्या वळणापलीकडं होती. ओल्या दोरानं माझी बोटं आखडली. मागं वीस पावलांवर जाळ होता, त्यावर चहा होता. मी दोर बाभळीच्या बुंध्याला बांधला आणि जाळापाशी जाऊन बसलो. पोरगं पट्टीचं पोहणारं... दोर सोडल्यानं काय होतंय? माझे हात तेवढंच शिकलेले.

सात-आठ मिनिटं गेली असतील.

परत आलो तर बुंध्याची साल सोलून निघाली होती. आतलं ओलं लाकूड दिसत होतं. मी दोर सोडवून हातात घेतला, घाबरत एक हिसका दिला.

एक परत आला.

जिवात जीव आला. मिनिटभरानं पुन्हा दिला. पुन्हा एक. सावकाश, स्पष्ट, माधव द्यायचा तसाच. असं पाच-सहा वेळा झालं. तेवढ्यात इरफान धावत आला, छातीपर्यंत भिजलेला.

"सर, माधव तिकडं हाय... वळणावर, लव्हाळ्यात अडकलेला. केव्हाचा छाती दाबून राहिलो. हाका मारल्या, तुमाला ऐकू गेल्या न्हाईत. सर, माधव गेला."

"येडा झालास का? आत्ता त्यानं उत्तर दिलं."

त्याच्यासमोर मी हिसका दिला. एक परत आला. ताणलेल्या दोरावरचं पाणी उडालेलं इरफाननं पाहिलं.

मग मी दोर ओढला. हलका लागला. टोकाला माधवचा पट्टा होता, बक्कल उघडं.

खाली काय झालं असेल ते मला त्याच दिवशी कळलं होतं. प्रवाहानं त्याला दोराच्या टोकापर्यंत नेलं. अंग गारठलं. त्यानं चार हिसके दिले, पुन्हा चार, पुन्हा चार... बुंध्याला. शेवटी सुन्न बोटांनी पट्टा सोडला, तोवर उशीर झाला होता. पोलीस येण्याआधी मी त्या सालीवर चिखल फासला. जबाबात सांगितलं, दोर सतत माझ्या हातात होता, माधवनं इशारा न देता स्वतःच पट्टा सोडला. कागदावर दोष त्याचा राहिला.

इरफाननं टोळी सोडली. त्या हिसक्याबद्दल विचारलं की म्हणतो, "मी फक्त माधवला पाहिलं, सर."

दहाव्याला दत्तराव माझ्याशी एकच वाक्य बोलले. "माझं पोरगं दोर सोडणारं न्हवतं."

मी तो दोर, तो पट्टा घेऊन दोनदा त्या डोहावर गेलो. प्रवाह दोराला ओढून धरतो, पण उत्तर देत नाही. तळ सपाट खडकाचा आहे, अडकावं असं काही नाही. आणि इरफानचे हात माधवच्या छातीवर होते तेव्हा माझ्या हातात उत्तरं येत होती, हे काही केल्या बदलत नाही.

गेल्या महिन्यात मी नवा जबाब लिहून दिला. मग गावी जाऊन हे सगळं दत्तरावांना वाचून दाखवलं. ते ओट्यावर बसून ऐकत होते. मी संपवलं. ना शिवी, ना रडणं. मग म्हणाले, "तो शेवटचा हिसका... माझ्या पोराचाच व्हता का, सर?"

त्यांना 'हो' ऐकायचं होतं. आणि रिकाम्या हातांनी 'धरलाय' म्हणण्यात माझं आयुष्य गेलेलं.

"माहीत नाही, दत्तराव," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ते आत गेले. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आले नाहीत.