खांबावरचा आवाज

माझी बायको गेल्यावरही पूर्ण हिवाळाभर गावाले ओरडून सांगत होती की घरात व्हा. यात भुताखेताचं काही नाई. शाळेजवळ वनखात्यानं लोखंडी खांब उभा केला आहे, त्याच्यावर भोंगा आहे. जंगलाच्या काठाकाठानं झाडांले कॅमेरे बांधले आहेत. समोरून जनावर गेलं की त्याचा फोटो कॉम्प्युटरकडे जाते आणि कॉम्प्युटर ओळखते, हे हरीण आहे, का गाय, का वाघ. वाघ असला की खांबावर आधी सायरन वाजते, मग बाई बोलते. ती बाई म्हणजे माझी बायको.

सुरुवातीले त्यात शहरातल्या कोण्या बाईचा आवाज होता. "आपल्या परिसरात वाघाचा वावर आढळून आला आहे, कृपया सतर्कता बाळगावी." बाया आयकायच्या आणि हसायच्या. आमच्याकडे कृपया म्हणलं की माणसाले वाटते वडशाची रेल्वेगाडी लेट आहे. सायरन वाजून राह्यला आणि बाया सरपणाची मोळी घेऊन गप्पा मारत येऊन राह्यल्या, हे वनरक्षक बाईनं आपल्या डोळ्यांनी पाह्यलं. मग तिनंच ठरवलं की गावातल्या बाईचा आवाज भरायचा. आणि गावात आवाज म्हणजे आमच्याच घरचा.

तिची हाक नाल्याच्या पल्याड शेतात उभ्या माणसाले पोचायची. मंडईच्या जत्रेतल्या नाटकात माईक बंद पडला की मागचे लोकं म्हणायचे, हिले स्टेजवर चढवा. मी जेवाले याचं विसरलो तर तिले बांधापर्यंत यावं लागत नव्हतं, अंगणातूनच काम व्हायचं. लग्न झालं तेव्हा मले त्या आवाजाची लाज वाटायची. मंग सवय झाली. मंग तो आला नाई की मीच मान वर करून पाहायचो.

शाळेच्या खोलीत आवाज भरला तेव्हा मी दाराशी उभा होतो. वनरक्षक बाईनं काय बोलायचं ते सांगतलं. बाकी सगळं बायको बोलली, पण 'वाघ' काही म्हणेना. आमच्याकडे जंगलात जाणारं माणूस त्याचं नाव घेत नाई. नाव घेतलं की बोलावल्यासारखं होते. मोठं जनावर म्हणतात.

वनरक्षक बाई म्हणाली, "मावशी, भोंग्यात तरी वाघ म्हणा. लोकांना समजलं पाहिजे."

ती म्हणाली, "समजते सगळ्यायले. तुमी नवीन आहा म्हनून तुमाले समजत नाई."

मग तिच्याच पद्धतीनं भरलं. "आयका वो बाया, आयका गा. मोठं जनावर आलं हाये. लेकरं घरात घ्या, ढोरं बांधा. एकटं-दुकटं जाऊ नका." शेवटी आपल्या मनानं तिनं जोडलं, "आयकून घ्या, मंग रडत बसू नका." त्या दिवसापासून सायरन झाला की बाया मोळी टाकून घरी येऊ लागल्या. वाघाच्या भेवानं का तिच्या, ते मले माहीत नाई.

पावसाळा सरता सरता तिले ताप आला. चंद्रपूरले नेलं. दवाखान्यात खिडकीवरच्या बाईनं इचारलं, नवऱ्याचं नाव काय. ती उभी राहू शकत नव्हती, तरी नाव नाई घेतलं. हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. उभ्या जन्मात तिनं माझं नाव घेतलं नव्हतं, रेशनच्या दुकानात नाई, मतदानाले नाई. मीच सांगतलं. तिथून ती बोलत परत आली नाई.

तेरवीचे पाहुणे पंगतीत बसले होते आणि सायरन झाला. पाठोपाठ तिचा आवाज. "आयका वो बाया." सगळ्यांचे हात पानावर थांबले. माझी लेक वडशाले दिली आहे, ती वाढून राह्यली होती. ती वाढणं सोडून खाली बसली. मी म्हणलो, "आयकलं ना सगळ्यायनं? ढोरं बांधून या मंग जेवा." लोकं गेले, ढोरं बांधली, येऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक बाई आली. म्हणाली, "काका, तुम्हाला त्रास होत असेल तर आवाज काढून टाकते."

मी म्हणलो, "राहू द्या. काम करून राह्यली ना ती."

मले काम-बिम काही नव्हतं पाह्यजे. मले आवाज पाह्यजे होता. घरात भात अजून दोघांचाच शिजते, हात आवरत नाई. बोलाले कोणी नाई. भांडाले पण नाई, आणि त्याचीच जास्त आठवण येते. दिवस मावळाले आला की मी ओसरीवर खांबाकडे तोंड करून बसायचो. पूर्ण गाव मनात म्हणे, आज न येवो. मी म्हणो, आज येवो. माझ्या शेजारी एक विधवा बाई राहते, आमच्याच पोरीच्या वयाची, मोहफुलं अन् तेंदूपत्ता वेचून पोट भरते. तिची बकरी नाल्याजवळून नेली वाघानं. ती अंगणात रडून राह्यली होती आणि बायकोचा आवाज आयकून माझे कान निवले म्हणून मी शांत बसून होतो. आता हे चांगलं नाई, पण असंच होतं.

तीच एक दिवस म्हणाली, "काकाजी, सायरन झाला का गाव आत घुसते आन् तुमी बाह्यर येऊन बसता. मोठं जनावर का तुमचा जावई हाये?"

"जावई बरा," मी म्हणलो. "येते तरी."

मोहाचे दिवस जवळ आले तेव्हा वनरक्षक बाई पुन्हा आली. सोबत नागपूरचा एक कॉम्प्युटरवाला माणूस होता, तिशीचा, बोलाले नरम. ओसरीवर बसून त्यानं चहा घेतला, मग कॉम्प्युटर उघडला. सांगतलं की आता नवीन पद्धत येऊन राह्यली. जनावर कोण्या बाजूनं आलं, एक आहे का दोन, हत्ती आहे का अस्वल, हे सगळं भोंगा तिथल्या तिथं सांगेल. आसपासच्या गावांतही खांब लागणार. आणि आवाज हाच ठेवायचा आहे, कारण लोकं याच आवाजाचं आयकतात. त्याच्यासाठी घरच्या माणसाची सही पाह्यजे.

"पन तिनं तं तेवढंच भरलं होतं," मी म्हणलो. "बाकीचं कोन बोलन?"

"त्याच बोलतील काका. ऐका."

त्यानं बटन दाबलं. माझी बायको बोलली, "आयका वो बाया. नाल्याच्या पल्याड वाघीण हाये, दोन पिल्लं हायेत. तलावाच्या रस्त्यानं जाऊ नका."

आवाज तिचाच. खालचा सूर घेऊन शेवटी वर जाते, तोही तिचाच. मी इचारलं, "हे तिनं कधी म्हणलं?"

"म्हटलं नाही. त्यांच्या आवाजावरून कॉम्प्युटरनं बनवलं. आता काहीही म्हणवता येतं."

"काहीबी?"

"काहीही." मले बरं वाटावं असं त्याच्या मनात आलं असेल. त्यानं सहीच्या कागदावर पाह्यलं, बोटं चालवली, आणि माझ्या बायकोनं माझं नाव घेतलं. नाव घेतलं आणि म्हणाली, जेवले का.

लोकाले वाटेल मी रडलो असेन. मले राग आला. माझ्या डोळ्यादेखत कोणीतरी तिचं लुगडं नेसून घरात फिरून राह्यलं, असं वाटलं. मी म्हणलो, "बंद करा ते."

त्यानं लगेच बंद केलं. तोंड उतरलं त्याचं. म्हणाला, "माफ करा काका. माझ्या आजीचा आवाज आमच्याकडे कुठंच नाही. मला वाटलं तुम्हाला आवडेल."

"तुमी वाईट मानूस नाई," मी म्हणलो. "पन ते ती नाई. तिनं मरेपर्यंत दोघांचं नाव नाई घेतलं, एक माझं आन् एक त्याचं. तुमी दोन्ही घेववले, चहा संपाच्या आत."

सही मी केली नाई. वनरक्षक बाई जराशी चिडली. म्हणाली, "काका, मला पण त्या मावशीसारख्याच होत्या. पण मोहा सुरू होतोय. पहाटे बाया टोपल्या घेऊन जातील. शहरातल्या आवाजाचं कोणी ऐकत नाही, हे तुम्ही पाहिलं. उद्या काही झालं तर मी कोणाच्या दारात जाऊ?"

फोनवर लेकीले सांगतलं. ती म्हणाली, "देऊन टाका ना बाबा. आईचा आवाज तरी राहील." आणि फोनवरच रडाले लागली. शेजारीण कुंपणापलीकडून सगळं आयकून राह्यली होती. ती सरळ अंगणात आली. "तुमचं दुख खरं हाये काकाजी. पन मले मोहा वेचाले जाचं हाये. ते नाल्याकडून आलं का तलावाकडून, हे मले समजलं पायजे. माझी बकरी गेली, आता मीच उरली."

कोणीच चुकीचं बोलून राह्यलं नव्हतं. तीच तर अडचण होती. चुकीचं असतं तर मी हाकलून दिलं असतं.

चार-पाच दिवस गेले. शिकलो मी दुसरीपर्यंत, डोकं हळू चालते. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. बायकोनं आवाज दिला होता तो तेवढ्या बोलण्याले दिला होता. काय बोलायचं आणि काय नाई, हे तिनं त्या खोलीत भांडून ठरवलं होतं. आता तिच्या तोंडून काहीही निघणार आणि ती नाई म्हणू शकणार नाई. आज वाघाचं सांगतील. उद्या दुसरा कोणी येईल, तिच्याच आवाजात म्हणेल जमीन द्या, मत द्या, हे औषध घ्या. गाव आयकेल. गावाले तिचं आयकाची सवयच आहे. मेलेल्या माणसाची अब्रू त्याच्या घरच्याच्या हातात असते, आणि माझ्या घरात मी एकटाच आहे.

कॉम्प्युटरवाला पुन्हा आला तेव्हा मी शेजारणीले बोलावलं. म्हणलो, "हिचा आवाज घ्या. जिती हाये. इचारलं तं सांगते, नाई पटलं तं भांडते."

शेजारीण म्हणाली, "माझा? माझा आवाज आयकून कुत्रे पळतात."

"मंग वाघबी पळन."

वनरक्षक बाई हसली. मी कॉम्प्युटरवाल्याले म्हणलो, "पन हिच्या तोंडून तुमी बनवाचं नाई. नाला, तलाव, डांबरी रस्ता, एक, दोन, हत्ती, अस्वल, जे काय लागते ते सगळं हिच्याकडून बोलून घ्या. मशीननं फक्त निवडायचं. हिनं म्हणलं नाई ते वाजाचं नाई."

त्यानं इचार केला. म्हणाला, "काम वाढेल. पण होईल." मग म्हणाला, "काका, एक सांगतो. एका खांबावर दोन आवाज ठेवता येणार नाहीत, लोक गोंधळतील. जुना काढावा लागेल."

हे मी धरलंच नव्हतं. मी आपला तिले वाचवून राह्यलो होतो, आणि वाचवायचं म्हणजे तिले खांबावरून उतरवायचं होतं. दोघंही माझ्याकडे पाहत होते. शेजारीण खाली पाहत होती. मी म्हणलो, "काढा."

शेजारणीनं दोन दुपारी शाळेच्या खोलीत बसून सगळं भरलं. तीही वाघ म्हणाली नाई, पण हत्तीले हत्ती म्हणाली. जुनं बोलणं कॉम्प्युटरवाल्यानं माझ्या लेकीच्या मोबाईलवर पाठवून दिलं. तिनं मांगतलं होतं, तिची आई आहे. मलेही इचारलं, साध्या फोनमध्ये टाकून देतो म्हणाला. मी नको म्हणलो. ते बोलणं बायकोनं मले नव्हतं सांगतलं, गावाले सांगतलं होतं. घरात एकट्यानं बटन दाबून ते आयकत बसलो असतो तर मी उठलोच नसतो.

खांबाखाली तार लावून कॉम्प्युटरवाला जुना आवाज काढाले बसला, तेव्हा वनरक्षक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, काढायच्या आधी एकदा वाजवू का? तुमच्यासाठी."

माझं मन होतं. नाई म्हणणार नाई. पण दिवस होता, बाया जंगलात होत्या, आणि ती ओरडली असती तर सगळ्या टोपल्या टाकून धावत आल्या असत्या. मी म्हणलो, "जनावर नसताना वाजवाल, मंग असताना कोन आयकन?"

तिनं मान हलवली. त्यानं काढून टाकला. आवाज काढून टाकताना काही वाजत नाई, हे मले तेव्हा समजलं. मी तिथंच उभा होतो आणि काहीच झालं नाई.

मोहा पडू लागला त्यानंतर एक दिवस संध्याकाळी सायरन झाला. मी सवयीनं ओसरीवर बसलो होतो. खांबावरून शेजारीण बोलली, मोठं जनावर, तलावाकडून, एक. कर्कश आवाज आहे तिचा, खोटं काऊन बोलू. बोलणं संपलं आणि मी तसाच बसून राह्यलो, जसं अजून कोणी बोलणार आहे.

तेवढ्यात कुंपणापलीकडून तीच ओरडली, खरीखुरी. "ओ काकाजी, तुमाले का येगळा भोंगा लावू? तलावाकडून म्हनलं ना म्या. तुमचं घर कोन्या बाजूले हाये?"

"आयकलं," मी म्हणलो.

"आयकलं तं उठा मंग. तुमी आत गेल्याबिगर मी दार लावत नाई."

ती तशीच दारात उभी राह्यली. मी उठलो. बांधायले ढोर नव्हतं, बोलवायले लेकरू नव्हतं, आत घ्याले एक मीच होतो. आत गेलो आणि कडी लावली. मग तिच्या दाराची कडी वाजली.